शनिवारी दाखवलेला बुधवार

अमेरिकेत मी बावीस वर्षं ट्रॅफिकमध्ये नोकरी केली असं सांगितलं की लोक आधी माझ्या उंचीकडे बघतात. पाच फूट एक इंच. एडिसन गावातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका काकांनी तर सरळ विचारलं होतं, "म्हणजे वहिनी, तुम्ही चौकात उभ्या राहता की गाड्यांना तिकिटं लावत फिरता?"

टेलिव्हिजन स्टेशनातल्या ट्रॅफिकचा रस्त्याशी काही संबंध नाही. आज पडद्यावर काय दिसणार, किती वाजून किती मिनिटं किती सेकंदांनी दिसणार, याचा तक्ता करणारं खातं म्हणजे ट्रॅफिक. त्या तक्त्याला लॉग म्हणतात. खाली कंट्रोल रूममध्ये बसलेला ऑपरेटर समोर लॉग ठेवतो आणि त्यात लिहिल्याप्रमाणे एकामागून एक टेप सोडत जातो. लॉग बरोबर असेल तर तो कुणाच्या लक्षातही येत नाही. चुकला की पडदा काळा होतो आणि हजारो माणसं घरोघरी उठून आपल्या टीव्हीला चापट्या मारतात.

न्यू जर्सीतलं आमचं स्टेशन लहान होतं. जाहिराती नाहीत, प्रेक्षकांच्या वर्गणीवर सगळं चालायचं. ऐंशी साल नुकतंच उजाडलं होतं. अमरावतीहून संख्याशास्त्राची पदवी घेऊन आलेली मी नवऱ्याच्या मागे लागून ड्रायव्हिंग शिकले आणि पहिल्याच इंटरव्ह्यूला तिथे गेले. कार्यक्रम विभागाचा प्रमुख लेनर्ड, पुढे तोच माझा बॉस झाला. त्याने एकच प्रश्न विचारला. "अठ्ठावीस मिनिटं चाळीस सेकंदांचा कार्यक्रम, सव्वा मिनिटाची सूचना आणि चौदा सेकंदांचं स्टेशनचं नाव. अर्ध्या तासात बसेल?"

"नाही. नऊ सेकंद जास्त होतात," मी म्हणाले.

लेनर्डने स्वतः कागदावर बेरीज केली आणि मला सोमवारी यायला सांगितलं.

आमच्याकडे इंग्लंडहून आलेले कार्यक्रम भरपूर असायचे. अमेरिकन कार्यक्रम मापात कापलेले, अर्धा तास किंवा एक तास. इंग्रजांचे मात्र घरच्या पापडासारखे, प्रत्येकाचा आकार निराळा. एक पन्नास मिनिटं चाळीस सेकंदांचा, दुसरा चौतीस मिनिटं पाच सेकंदांचा. मधली भोकं बुजवण्यात माझी हयात गेली. लेनर्डने हे सगळं काम पहिल्या महिन्यातच माझ्याकडे दिलं. म्हणाला, "तुला त्यांचं इंग्लिश समजतं. तू जवळजवळ त्यांचीच." माझे वडील बेचाळीस साली त्याच लोकांच्या कृपेने आठ महिने तुरुंगात होते, हे मी त्याला सांगितलं नाही. नवीन नोकरी होती.

त्याच न्यायाने ब्रिटिश कार्यक्रमांबद्दल येणारे फोनही माझ्या टेबलावर यायला लागले. एका रविवारी खुनाच्या मालिकेचे दोन भाग उलटे लागले. डब्यांवरची लेबलं चुकली होती आणि मी आतली टेप तपासून घेतली नव्हती. मेट्यूचनच्या एका निवृत्त डेंटिस्टचा फोन आला. "मॅडम, खुनी कोण ते तुम्ही आज सांगून टाकलंत. आता पुढच्या रविवारी मी तासभर काय करू?" मी माफी मागितली. पुढच्या रविवारनंतर त्यांनी परत फोन केला. खुनी माहीत असला की त्याचं खोटं बोलणं बघायला जास्त मजा येते, तेव्हा यापुढे नेहमी असंच दाखवा, अशी त्यांची सूचना होती.

पण माझा खरा फोन सोमवारी सकाळी साडेनऊचा. मिसेस कोवाल्स्की, पर्थ अँबॉय.

आयव्ही कोवाल्स्की मूळची इंग्रज. इंग्लंडच्या उत्तरेकडल्या एका गिरणीच्या गावात वाढलेली. महायुद्धात तिकडे गेलेल्या एका अमेरिकन शिपायाशी लग्न करून ती इकडे आली आणि पर्थ अँबॉयच्या पोलिश वस्तीत चाळीस वर्षं राहिली. नवरा वारला होता, दोन मुलगे आपापल्या घरी होते. आम्ही ब्रिटिश कार्यक्रमातून काही कापलं की ती नेमकी पकडायची. "डिअर, काल तो पाद्री दार उघडून आत आला आणि एकदम खुर्चीत बसलेला दिसला. मधे काय झालं?" मधे त्या पाद्र्याने एक शिवी दिलेली असायची आणि ती आमच्या नियमात बसत नसायची. मी तिला ती शिवी फोनवर सांगायचे. मग ती समाधानाने फोन ठेवायची.

सोमवार सोमवार करत आमची ओळख वाढली. तिला एक धाकटी बहीण होती, विनी. वडील गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, त्यांच्याकडून दोघी बहिणी पियानो शिकल्या. आयव्ही अमेरिकेत आली, विनी लंडनला गेली. तिथे लहान मुलांच्या एका टीव्ही कार्यक्रमात तिला काम मिळालं. एक माणूस कोळशाने मोठ्या कागदावर चित्रं काढत गोष्ट सांगायचा आणि विनी पियानो वाजवायची. पडद्यावर तिचे फक्त हात दिसायचे. शेवटी नावं यायची त्यात तिचं नावही नसायचं.

"पत्रात लिहायची, 'आज माझे हात टीव्हीवर होते'," आयव्ही सांगायची. "मला कधी बघायला मिळाले नाहीत. तिकडे जायचं म्हटलं तर मुलं लहान होती. मुलं मोठी झाली तोवर विनी वारली."

अशी चार-पाच वर्षं गेली आणि लेनर्डच्या डोक्यात एक कल्पना आली. दरवर्षी वर्गणीचं आवाहन करायला आम्ही काहीतरी खास दाखवायचो. या वेळी त्याला एक अख्खा दिवस दाखवायचा होता. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या एखाद्या साध्या बुधवारी टीव्हीवर जे जे दिसलं असेल तसा दिवस, दुपारी बारापासून, त्याच क्रमाने. शाळेच्या मुलांसाठी विज्ञान, गृहिणींसाठी शिवणकाम, एक नाटक, मुलांची वेळ, बागकाम, हवामान. मधे मधे त्या वेळी दाखवत तशा रिकाम्या जागाही. एका कालव्यातून नाव संथ चाललीय आणि मागे व्हायोलिन, बस, चार मिनिटं एवढंच.

"कोण बघेल हे?" मी विचारलं.

"ज्यांनी ते दिवस तिकडे काढले ते बघतील," लेनर्ड म्हणाला. "आणि ज्यांनी नाही काढले, त्यांना कळेल की टीव्ही एके काळी घाईत नव्हता."

मी विनीच्या कार्यक्रमाचं नाव यादीत घातलं. लंडनच्या वितरकाचं उत्तर आलं की तो कार्यक्रम आता त्यांच्याकडे नाही. टेपा महाग, म्हणून तिकडे कार्यक्रम झाला की टेप पुसून तिच्यावर दुसरं काहीतरी भरायचे. पाच-सहा वर्षं चाललेला तो कार्यक्रम असाच पुसला गेला होता. पण एक भाग फिल्मवर उतरवून कॅनडाला विकलेला होता, त्याचं रीळ तिकडे कुठल्यातरी गोदामात निघालं. चौदा मिनिटं वीस सेकंद. ते आम्हाला एकदाच दाखवण्यासाठी मिळालं. मी सोमवारी फोनवर आयव्हीला सांगितलं, "शनिवारी संध्याकाळी पाच वाजता. पाचला एक सेकंद कमी नाही की जास्त नाही."

मग ती म्हणाली, "मी सगळ्यांना बोलावते."

त्या दिवसाचा लॉग मी तीन आठवडे करत होते. प्रत्येक डब्यावर लंडनने कालावधी छापलेला होता, तो घेऊन मी बेरजा केल्या. शनिवारी बाराच्या ठोक्याला पहिलं रीळ सुटलं. दोन वाजता कंट्रोल रूममधून रेचा फोन आला. रे आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर, न्यूअर्कचा, सैन्यात रेडिओ शिकलेला. बोलणं मोजकं, आणि माझ्या नावातला 'सु' लांबवायची सवय.

"सूमन, आपण साडेचार मिनिटं मागे आहोत."

"शक्य नाही. मी तीनदा बेरीज केलीय."

"बेरीज बरोबर असेल. डब्यावरचे आकडे किती चित्रांचे आहेत?"

मी धावतच खाली गेले. रेने प्रोजेक्टरकडे बोट केलं. इंग्लंडच्या टीव्हीवर फिल्म सेकंदाला पंचवीस चित्रांच्या वेगाने चालते, आमच्या प्रोजेक्टरवर चोवीस. एरवी तिकडचे कार्यक्रम आमच्यासाठी बदलून घेतलेल्या टेपवर यायचे, त्यामुळे हा फरक मला कधी भेटलाच नव्हता. या दिवशी पहिल्यांदाच सगळं जुन्या फिल्मवर होतं. सेकंदाला एका चित्राचा फरक, म्हणजे तासाला अडीच मिनिटं. संख्याशास्त्राची पदवी, तीन आठवडे, तीन वेळा बेरीज, आणि मुळातले आकडेच दुसऱ्या देशाचे.

"पाचपर्यंत अकरा मिनिटं होतील," रे म्हणाला.

साडेपाचला स्टुडिओतून थेट प्रक्षेपण होतं. फोन घ्यायला तीस स्वयंसेवक, शहरातले पाहुणे, सगळे येऊन बसणार. ते एक मिनिटही हलवता येत नव्हतं. कालव्यातली नाव काढली तर चार मिनिटं वाचत होती, पुरत नव्हती. साडेपाचच्या आधी दोन छोटे कार्यक्रम होते. पाचला विनीचा, सव्वापाचला गुलाबाच्या छाटणीचा. दोहोंपैकी एक काढायलाच हवा होता. मी लेनर्डकडे गेले. तो पाहुण्यांच्या खुर्च्या मांडत होता.

"कुठला काढू?"

"बागकामाला एका रोपवाटिकेने मदत केलीय, त्यांचं नाव सांगायचंय. पण लॉग तुझा आहे. तू ठरव."

मी ठरवलं. नाटकाचा शेवट कापता आला असता का, त्या रोपवाटिकेला दुसऱ्या दिवशी समजावता आलं असतं का, हे प्रश्न मला नंतर सुचले. तेव्हा माझ्या डोक्यात एकच हिशेब होता. गुलाब काढले तर मला कुणीतरी जाब विचारेल. चित्र आणि पियानो काढला तर एक म्हातारी बाई सोडून कुणी विचारणार नाही. मी लॉगमधल्या त्या ओळीवर काट मारली आणि शेजारी माझी आद्याक्षरं लिहिली. उरलेली तीन मिनिटं भरायला कालव्यातली नाव तेवढ्यापुरती पुन्हा एकदा लावली.

तिला फोन करायचं मला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. साडेपाचच्या गडबडीत मी तो केला नाही.

साडेपाचला थेट प्रक्षेपण ठरल्या सेकंदाला सुरू झालं. सगळे म्हणाले, दिवस उत्तम झाला. घरी गेल्यावर माझी नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "आई, द बोट वॉज सो बोरिंग. बट आय कुडन्ट स्टॉप लुकिंग." लेनर्डला यापेक्षा मोठी शाबासकी कुणी दिली नसती. मी मात्र जेवले नाही.

सोमवारी साडेनऊला फोन वाजला नाही. दहाला मी लावला.

"मिसेस कोवाल्स्की, मी सुमन."

"हो डिअर."

"शनिवारी..."

"आम्ही सगळे होतो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं वाटलं असतं. "दोन्ही मुलगे, सुना, नातवंडं. मी केक केला होता. आधी ती नाव दिसली. मग एक माणूस आला आणि गुलाब कापायला लागला. नातू म्हणाला, 'ग्रँडमा, व्हिच वन इज आँट विनी?' मी म्हटलं, माझीच वेळ ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल."

"चूक तुमची नव्हती. माझी होती. मीच ते काढलं."

मी तिला सगळं सांगितलं, रोपवाटिकेसकट. शेवटी मी म्हणाले, "रीळ अजून इथेच आहे. उद्या दुपारी याल का? मी न्यायला येते."

मंगळवारी मी तिला पर्थ अँबॉयहून गाडीतून आणलं. पाच वर्षं फोनवर ऐकलेली बाई प्रथमच समोर दिसत होती. माझ्याहूनही बुटकी, निळा कोट, हातात पर्स घट्ट धरलेली. रेने त्या दिवशी सुटी असूनही कामावर येऊन एडिटिंगचं टेबल लावून ठेवलं होतं. टेबलावर फिल्म आडवी फिरते आणि समोर लहानशा पडद्यावर दिसते.

कोळशाने चित्र काढणारा माणूस दिसला. मग कॅमेरा खाली सरकला आणि दोन हात. साध्या बाह्या, अंगठी नाही, नखं कापलेली. पियानो सुरू झाला आणि आयव्ही पुढे झुकली.

"हे बरोबर नाही," ती म्हणाली. "सूर खाली आहे. विनी असल्या पियानोला हात लावणार नाही."

मी रेकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर मी क्वचितच पाहिलेलं हसू होतं. "मॅम, पियानोचा दोष नाही. मशीन चोवीसवर आहे. थांबा." त्याने रीळ मागे घेतलं आणि बटण पंचवीसवर टाकलं. तोच पियानो, पण स्वच्छ, वरच्या अंगाचा. शनिवारी माझ्या हातून ते लागलं असतं तरी बेसूरच लागलं असतं.

आयव्ही एकदम सैल झाली. चौदा मिनिटं तिने चित्रांकडे पाहिलं नाही. हात दिसत नसले तरी ती पडद्याच्या खालच्या कडेकडेच बघत होती, जिथे ते परत येणार होते. एका ठिकाणी, ससा उडी मारतो तिथे, पियानोचा एक सूर चुकला आणि वादक पुढे निघून गेली. आयव्ही खळखळून हसली.

"तिथेच! कायम तिथेच! करंगळी पोचायची नाही तिची. वडील आतून ओरडायचे."

मग ती रडली. रे बाहेर जाऊन उभा राहिला. मी तिच्याशेजारी बसून राहिले.

आम्ही तो भाग तीनदा बघितला. निघताना तिने विचारलं, "हे मला मिळू शकेल का? मला मशीन नको, नुसतं रीळ. घरात ठेवायला."

इथे मला धंद्यातली आणखी एक गोष्ट सांगावी लागेल. कार्यक्रम स्टेशनच्या मालकीचा नसतो, दाखवण्यापुरता भाड्याने येतो. मुदत संपली की परत पाठवायचा किंवा नष्ट करायचा, आणि नष्ट केल्याचा दाखला सही करून पाठवायचा. तो दाखलाही ट्रॅफिककडेच. मी तोवर शेकड्यांनी सह्या केल्या होत्या. आयव्हीला म्हणाले, विचारून बघते. लंडनला टेलेक्स पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं. खाजगी व्यक्तीला देता येणार नाही, परत पाठवण्याचा खर्च करू नये, नष्ट करून दाखला पाठवावा.

रे म्हणाला, "सूमन, डबे इतके आहेत. एखादा कमी भरला तर कुणाला कळतंय?"

"मला कळेल," मी म्हणाले.

तेव्हा हे बोलताना मला अभिमान वाटला होता. मीच कागद कापायच्या मोठ्या सुरीखाली फिल्म धरली, मूठ-मूठ कापली, पिंपात टाकली आणि दाखल्यावर सही केली. एक वीतभर पट्टीसुद्धा बाजूला ठेवली नाही. ठेवली असती तर दाखला खोटा झाला असता.

आयव्हीने पुढच्या सोमवारी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "नियमाप्रमाणे झालं." परत पाठवलं असाच तिचा समज झाला, आणि मी तो होऊ दिला.

तीन वर्षांनी लंडनहून पत्र आलं. वितरकाचं नव्हे, जुने हरवलेले कार्यक्रम शोधणाऱ्या नव्या विभागाचं. आपण पुसून टाकलं त्याची किंमत तिकडे आता कळत होती. त्यांच्या नोंदीप्रमाणे त्या चित्रांच्या कार्यक्रमाचा शेवटचा ज्ञात भाग आमच्या स्टेशनकडे आला होता. तो, किंवा त्याचा काही अंश, आपल्याकडे आहे का?

पत्र लेनर्डने माझ्या टेबलावर ठेवलं. माझीच सही असलेल्या दाखल्याची फोटोकॉपी सोबत होती.

मी फोन केला नाही. गाडी काढली आणि पर्थ अँबॉयला गेले. आयव्ही तेव्हा फारशी बाहेर पडत नव्हती. स्वयंपाकघरात तिने चहा ठेवला. मी पत्र तिच्यासमोर ठेवलं आणि सांगितलं, "ते परत गेलं नाही. मी कापलं. माझ्या हाताने."

तिने पत्र वाचलं. चष्मा काढून पुसला. किटली शिट्टी मारायला लागली तरी उठली नाही, शेवटी मीच उठून गॅस बंद केला.

"तुला कापताना वाईट वाटलं का?" तिने विचारलं.

"नाही," मी खरं सांगितलं. "तेव्हा नाही. आता वाटतंय."

मी उठून जावं असं ती म्हणेल असं मला वाटलं, आणि म्हणाली असती तर मी गेले असते. पण ती म्हणाली, "चहा ओत. आणि मला सांग, तू ते तीनदा बघितलंस ना? काय काय आठवतंय?"

मी पर्समधून कोरा कागद काढला आणि आठवेल तसं लिहीत गेले. शून्य मिनिट शून्य सेकंद, कार्यक्रमाचं नाव. बारा सेकंद, कोळशाचा तुकडा उचलणारा हात. चाळीस सेकंद, पियानो. चौदा मिनिटांचा कार्यक्रम सेकंदांत कसा बसलाय हे मला तीन वेळा बघून पाठ होणारच होतं, तेवढं एकच काम मी आयुष्यात शिकले आहे. आयव्ही सूर गुणगुणायची आणि मला चालींची नावं सांगायची, कुठली गावच्या चर्चमधली, कुठली विनीने स्वतः बसवलेली. ससा कागदाच्या डावीकडे होता की उजवीकडे यावरून आमचं भांडण झालं. रेला फोन लावला. तो म्हणाला, डावीकडे. तीन दुपारी आम्ही बसलो. चौथ्या दिवशी चौदा मिनिटं वीस सेकंदांचा लॉग पुरा झाला, पाच पानं. जे हरवलं त्याचा लॉग मी पहिल्यांदाच करत होते. सोबत लंडनला पत्र लिहिलं. रीळ नाही, मी नष्ट केलं, पण त्यात काय होतं ते हे.

महिन्याने उत्तर आलं. त्या विभागातल्या बाईंनी लिहिलं होतं की त्या कार्यक्रमात नेमकं काय असे याची एवढी नोंद त्यांच्याकडे दुसरी कुठलीच नाही, आणि आमची पाच पानं त्यांनी संग्रहात दाखल केली आहेत. सोबत एक छापील फॉर्म होता. निर्माता, चित्रकार, कॅमेरा, सगळे रकाने टाइप करून भरलेले. पियानो या रकान्यात काही नव्हतं. खाली पेन्सिलीने लिहिलेलं होतं, आमच्या फायलीत नाव सापडत नाही, आपल्याला माहीत असल्यास कृपया भरावं.

मी फॉर्म घेऊन तिच्याकडे गेले. ऑफिसचा टाइपरायटर गाडीतच होता, आणू का विचारलं. तिने मान हलवली आणि माझ्या हातातलं पेन घेतलं. तिने कागदाखाली वही घेतली आणि एकेक मोठं अक्षर सुटं सुटं काढत लिहिलं. विनिफ्रेड होलरॉइड.

मग कागद लांब धरून तिने तो नीट वाचला.

"टाइप करू नकोस," ती म्हणाली. "असंच पाठव."